पेमाबाईची बहीण

दोन ऑक्टोबरला शाळेत भाषणाची स्पर्धा झाली, त्यात मी पहिली आले, आणि तेव्हापासून घरचे म्हणतात की या पोरीला वाचा फुटली. फुटली तर फुटली. विषय होता ‘छुआछूत, समाज का कलंक’. भाषण हिंदीत, टाळ्या हिंदीत आणि बक्षीस द्यायला दुलीचंदजी. दुलीचंदजी म्हणजे जुने मालगुजार. मालगुजारी कधीच गेली, पण ती गेल्याचं त्यांच्या चालण्यावरून कोणाला कळायचं नाही. माझं भाषण ऐकून त्यांनी डोळे पुसले. मग पितळी कप उचलला, माझ्या ओंजळीच्या वर वीतभर धरला आणि सोडला.

मी झेलला. पुन्हा टाळ्या.

तो कप आमच्या घरी रेडिओच्या बाजूला आहे. त्याला पोचा आलेला नाही, कारण मी झेल चांगला घेते.

माझं नाव सुजाता. दादाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्यानंतर आमच्या घरात जन्मलेलं पहिलं मूल मी. म्हणून बुद्धाला खीर देणाऱ्या सुजाताचं नाव मला मिळालं. खीर मला येत नाही. खाता मात्र सगळं येतं, आणि ही गोष्टही खाण्याचीच आहे.

यंदा दिवाळीनंतर बसस्टँडजवळच्या भिंतीवर स्वेटरवाले आले. तिकडं भंडारा जिल्ह्यात जंगलात तिबेटी लोकांची वस्ती बसवली आहे, तिथून ते गोंदियाला येतात आणि गोंदियाहून छोट्या गाडीनं बालाघाटला. त्यांच्यातली एक पेमा. गोल तोंडाची, पट्ट्यापट्ट्यांचा अ‍ॅप्रन बांधणारी, हसली की डोळे गायब. तिला गावात खोली मिळेना. लोक म्हणायचे, चिनी आहे. ती ओरडायची, “चीनी नहीं! चीनी ने तो हमको भगाया!” पण बालाघाटनं एकदा ठरवलं की ठरवलं.

शेवटी ती आमच्या वस्तीत आली. दादाजींनी तिची पेटी उघडी पाहिली, तिच्यात वर ठेवलेली बुद्धाची तसबीर पाहिली आणि हातच जोडले.

“हे तं आपलंच मानूस निघालं,” ते बाबांना म्हणाले. “मागची खोली दे तिले.”

तेव्हापासून संध्याकाळी दादाजी पाली वंदना म्हणतात आणि पेमा बाजूला बसून मण्यांची माळ ओढत वेगळंच काही पुटपुटते. एकाचं दुसऱ्याला अक्षर कळत नाही. दोघांचंही समाधान होतं.

दुकानाचं तर असं झालं की पेमा स्वेटरांच्या मागं शेगडीवर स्वतःपुरतं जेवण शिजवायची. लसूण, लाल मिरची, पानकोबी, आणि रश्शात लांब लांब शेवया. तिच्या बोलीत थुक्पा. एका बसच्या ड्रायव्हरनं वास घेतला आणि वाटी मागितली. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं मागितली. पंधरवड्यात स्वेटर मागं गेले, पातेलं पुढं आलं, आणि कोणीतरी एक बाकडंही आणून टाकलं. चार आण्यात मोठी वाटी, वर रस्सा पुन्हा मागा, नाही म्हणायची नाही. गाव त्याला ‘चिनी शेवया’ म्हणू लागलं. पेमानं भांडणं सोडून दिलं.

पहिले काही दिवस लोकांना ते खायचं कसं हेच कळेना. आपल्याकडं शेवया म्हणजे दूध-गूळ, तेही लग्नकार्यात नाही तर जावई आला तर. पोस्टातले बाबूलालजी बाकड्यावर बसले, वाटीत डोकावले आणि म्हणाले, “बाई, थोडा गूळ द्या.” पेमाला वाटलं हे इकडचं काही औषध असेल. तिनं आणून दिला. बाबूलालजींनी तिखट रश्शात गूळ कालवला, खाल्ला, आणि आता त्यांना तसंच लागतं.

आता रुख्माआत्या. ही बाबांची मोठी बहीण. राजेगावला दिली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि आत्या आपली पेटी घेऊन परत आली. तेव्हापासून ती आमच्या घरात अशी वागायची, जशी पाहुणी आहे आणि मुक्काम जरा लांबला आहे. जेवताना सगळ्यात शेवटी, झोपताना दारापाशी. पण शेवया! चैत्रात आमच्या वस्तीत बाजांवर शेवया वाळायच्या तेव्हा बाया आत्याची बाज वेगळी ओळखायच्या. केसासारख्या.

एका सकाळी पेमा मागच्या खोलीत कणकेची पोळी लाटून सुरीनं कापत होती. आत्या दारात उभी राहून बघत होती.

“काय वं पेमा,” शेवटी तिच्यानं राहवलं नाही, “शेवया करून राह्यली का बैलाचे दोर?”

पेमाला शब्द कळले नाहीत, टोमणा कळला. तिनं कणीक आत्यापुढं सरकवली. आत्यानं पदर खोचला, पाट पालथा घातला, हाताला तेल लावलं आणि कणीक अशी तिंबली, ओढली, दुमडली, पुन्हा ओढली की पेमाचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडलेले दिसले.

तेव्हापासून पातेलं पेमाचं आणि पाट आत्याचा. वाळवायची गरजच नव्हती, सकाळी केल्या की दुपारी शिजल्या. आत्यानं पहिल्या कमाईतून स्वतःसाठी चपला घेतल्या आणि दारापासून सरकून मधोमध झोपायला लागली.

फक्त ती दुकानावर कधी आली नाही.

“चल न आत्या,” मी म्हणायची. “लोक कसे तुटून पडतेत ते तं पाह्य.”

“नको. माहे हात दिसले का वाट्या खाली पडतीन.” ती हे रागानं म्हणायची नाही, भाव सांगितल्यासारखं म्हणायची. “कोनी विचारलं नाही, आपुन सांगितलं नाही. चालू आहे ते चालू दे. आन् तू! तुह्यं तोंड सांभाळ. तुह्यं भाषण इस्कुलात.”

पण रोज रात्री जेवताना विचारायची, “कसे खातेत वं?”

मग मी तिला सगळे करून दाखवायची. बाबूलालजी गूळ कालवताना. कॉलेजचे पोट्टे मान मागं टाकून लांब शेवई तोंडात सोडताना. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजत असताना घाईघाईत. मी जोरात सुर्र करून ओढायची आणि आत्या पदरात तोंड घालून हसायची. मग म्हणायची, “खोटं सांगते पोट्टी.” आणि पुन्हा, “तो गूळवाला कसा करते म्हनतं?”

मी रोज शाळा सुटल्यावर तिथं खायची, कमलासोबत. कमला माझी मैत्रीण, एकाच बाकावर बसतो. कमला म्हणजे दुलीचंदजींची धाकटी. ती एका वेळी दोन वाट्या खाते आणि घरी जाऊन भूक नाही म्हणून सांगते. मी तिच्या घरीही जाते, अभ्यासाला. तिथं स्वयंपाकघराच्या खिडकीत बाहेरच्या बाजूनं एक पेला पालथा असतो. तो माझा. कमलाची आई, विमलाकाकू, मला कधी उपाशी परत पाठवत नाही. काकू प्रेमळच आहे. फक्त त्या पेल्यात पाणी ती जरा उंचावरून ओतते.

आणि ही काकू चिनी शेवयांच्या पायी वेडी झाली होती. स्वतः बसस्टँडवर कशी जाणार? तिचा डबा यायचा. एकदा गडी घेऊन यायचा, एकदा कमला.

“काकू, तुमाले चालते का बाहेरचं?” मी एकदा मुद्दाम विचारलं. घराबाहेरचं काही न खाणारी बाई ती.

“अवं, ती तिबेटाची आहे,” काकू डब्याच्या झाकणाला चिकटलेली शेवई बोटानं उचलत म्हणाली. “लामाच्या देशाची. बौद्ध लोक ते. लई शुद्ध असतेत.”

“काकू, आमी पन बौद्धच.”

काकूनं शेवई गिळली. “तुमचं वेगळं आहे, बाई,” ती मायेनं म्हणाली.

माझ्या जिभेवर काय काय आलं ते मलाच माहीत. आख्खं भाषण आलं होतं, बक्षीस मिळालेलं. पण आत्याच्या नव्या चपला डोळ्यापुढं आल्या आणि मी बक्षीस गिळलं.

मग पौषातला तो रविवार आला.

कमलाच्या मोठ्या बहिणीला, ललिताताईला, पाहायला नागपूरचे लोक येणार होते. चांगले शिकलेले, मुलगा सरकारी इंजिनियर. काकूनं विचार केला, नागपूरवाल्यांना पोह्यांचं काय कौतुक? तिनं सकाळीच मोठा डबा पाठवून चिनी शेवया मागवल्या. एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण पाहुण्यांनी पहिला घास खाल्ला, मुलाच्या आईनं “अगंबाई, काय बारीक शेवया! विकतच्या का?” असं विचारलं, आणि काकूच्या तोंडून निघून गेलं, “नाही नाही. आमच्या ललितानं केल्या. घरीच.”

ललिताताईला चहासुद्धा गडी करून देतो.

मी त्या वेळी बाकड्यावर बसून दुसरी वाटी संपवत होते. आणि कमला पळत आली. रेशमी परकर, हातात बांगड्या, केसांत गजरा, आणि धापा.

“पेमाबाई! चला! आईनं बोलावलं, आत्ताच्या आत्ता!”

“काय झालं?” मी म्हटलं.

“ती नागपूरची बाई म्हनते, मले करून दाखव. आत्ताच. संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबतो म्हनते. ताईनं तं रडाले सुरुवात केली. मंग आई म्हनली, जिच्यापाशी ललिता शिकली त्या बाईले बोलावतो, दोघी मिळून करून दाखवतीन. चला न पेमाबाई, मागच्या दारानं!”

पेमानं सगळं ऐकलं, पळी पुसली आणि शांतपणे म्हणाली, “मैं नहीं बनाती.”

“मतलब?”

“शेवई रुख्मा बनाती. मैं बनाती तो…” तिनं दोन्ही हातांनी बैलाचा दोर दाखवला.

कमलानं माझ्याकडं पाहिलं. मी वाटीत पाहिलं.

“रुख्मा म्हनजे… तुही आत्या?”

“हौ.”

“पहिलेपासून?”

“हौ.”

कमलाच्या चेहऱ्यावर एकामागून एक वाट्या मोजल्या जात होत्या, मला दिसत होतं. मी आतून ताठ झाले. आता ही काय बोलते त्यावर आमची मैत्री राहते की जाते, असं मला वाटलं. कमलानं गजरा सारखा केला.

“मंग बसली काय आहेस वं?” ती किंचाळली. “तुह्या आत्याले बोलाव न! ताईचं लगन मोडून राह्यलं तिकडं!”

आम्ही तिघी वस्तीत धावलो. आत्या चूल सारवत होती. कमलानं पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी रडून. आत्यानं हात धुतले आणि पाटाकडं बघत उभी राहिली.

“मी गेली आन् त्या बाईनं गावात सांगितलं तं?” ती म्हणाली. “उद्यापासून कोन खाईल? पेमाचं पातेलंही जाईन आन् माहा पाटही. मंग मी पुन्हा दारापाशी.”

“आत्या, चलच तू,” मी म्हटलं. माझ्या अंगात दोन ऑक्टोबर शिरला होता. “आज तोंडावर सांगूनच टाकू. काय तं होऊन जाऊ दे.”

“तू चूप राह्य.” आत्यानं पाट उचलला, तो पेमाच्या हातात दिला. मग खुंटीवरची धुतलेली साडी काढली. “मी येतो. पन तुह्या भाषणासाठी नाही, आन् त्या बाईसाठी नाही. इतके दिवस झाले, माह्या शेवया खाताना मी एकही मानूस पाह्यलं नाही. कसे खातेत ते मले पाह्यचं आहे.”

तिनं नव्या चपला घातल्या.

मागच्या दारात विमलाकाकू उभीच होती. पैठणी, नथ, कपाळावर पौषातही घाम. पेमाला पाहून तिनं सुस्कारा सोडला, आणि मग तिला पेमाच्या मागची आत्या दिसली.

“ही कायले आली? ही तं खेमराजची बहीन!” खेमराज म्हणजे माझे बाबा.

“ये बनाती,” पेमा म्हणाली.

“आज बनाती?”

“पहले दिन से बनाती.”

काकूचा हात तोंडावर गेला. मग पोटावर. कमलाच्या चेहऱ्यावर वाट्या मोजल्या गेल्या होत्या, काकूच्या चेहऱ्यावर डबे. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. एकादशीचा सुद्धा एक डबा होता, मला आठवत होतं. मी बोलायला तोंड उघडलं. आत्यानं माझ्या दंडाला चिमटा घेतला, असा की मी अजून निळी आहे.

“चालते व्हा,” काकू दबक्या आवाजात म्हणाली. “आत्ताच्या आत्ता…”

“आल्या का शिकवणाऱ्या बाई?” आतून आवाज आला आणि मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. गोल चष्मा, हातात रिकामी वाटी. तिनं पेमाकडं पाहून नमस्कार केला आणि मग आत्याकडं पाहिलं. “आणि या?”

काकूनं एकदा आत्याकडं पाहिलं, एकदा रिकाम्या वाटीकडं, एकदा आत बसून रडणाऱ्या ललिताताईकडं.

“या पेमाबाईची बहीण,” ती म्हणाली. “लहान बहीण. या ना, या, आत या.”

आणि माझी रुख्माआत्या, दुलीचंदजींच्या विमलाबाईनं या-या म्हटलं म्हणून, त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. मीही मागोमाग गेले. मला कोणी या म्हटलं नव्हतं, पण नको म्हणायलाही कोणाचं लक्ष नव्हतं.

काकूनं आत्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पुढचं पाहता, ‘तोंड उघडू नको’ असंच सांगितलं असणार. आत्या खाली बसली, पाट पालथा घातला, हाताला तेल लावलं. बाजूला ललिताताईला बसवलं. नागपूरच्या बाई समोर पाटावर बसल्या, चष्मा पुसून. पेमा दाराला टेकून उभी. दिवाणखान्यातून मधूनमधून पुरुषांचे आवाज येत होते, दुलीचंदजी आपल्या मुलीच्या हाताच्या चवीबद्दल बोलत होते.

“आप लोग यहाँ कब आए?” नागपूरच्या बाईंनी आत्याला विचारलं.

आत्यानं मान हलवली. हो पण नाही, नाही पण नाही, अशी.

ललिताताईनं कणीक ओढली. तुटली. पुन्हा ओढली. पुन्हा तुटली. आत्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. मला कळलं, आता हिच्यानं राहवणार नाही. तिसऱ्यांदा तुटली आणि राहवलं नाही.

“अवं पोरी, जोर नको लावू. ते काय भांडन आहे? तिले आपल्यानं येऊ दे.”

काकूनं पटकन नागपूरच्या बाईंकडं पाहिलं.

“अय्या!” नागपूरच्या बाई म्हणाल्या. “यांना मराठी येतं?”

“शिकल्या,” काकू म्हणाली. “हुशार असतेत ते लोक.”

“पण अगदी आपल्याकडची बोली!”

“संगत.”

“आणि बहीण म्हणता, पण चेहरा काही तसा वाटत नाही हो. अगदी इकडच्याच वाटतात.”

“ऊन,” काकू म्हणाली. तिचा आवाज आता विहिरीतून येत होता. “इकडचं ऊन लई वाईट. रापतेत.”

सगळ्यांनी पेमाकडं पाहिलं. पेमा गोरीपान, टवटवीत, दाराला टेकून उभी होती. तिनं मान डोलावली. “बहुत ऊन,” ती म्हणाली. पौष महिना होता. बाहेर गडी कांबळ पांघरून बसला होता.

मी पदर घेत नाही, फ्रॉकमध्ये तोंड लपवायला जागा नसते. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले आणि खांदे हलू दिले नाहीत. मी खिडकीकडं तोंड केलं म्हणूनच नागपूरच्या बाईंची नजर तिकडं गेली असावी, आणि जे पुढं झालं त्याला थोडीशी मीही जबाबदार आहे. पातेल्यात मिरचीची फोडणी पडली, बाईंना ठसका लागला, त्या उठल्या, हात लांब करून खिडकीतला पेला घेतला, माझा, आणि सरळ माठात बुडवला.

काकूच्या तोंडातून ‘अ’ निघाला, पुढचं अक्षर आलंच नाही.

बाई पाणी प्यायल्या. घटाघटा. पेला पुन्हा माठात बुडवला आणि आत्यापुढं धरला. “घ्या हो, तुम्हीही घ्या. केव्हाच्या राबताय.”

आत्यानं काकूकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हणेल नको. आत्या आयुष्यभर नकोच म्हणत आली होती. तिनं तेलाचे हात पदराला पुसले, पेला घेतला आणि तोंड लावून प्यायली. सावकाश. पूर्ण. मग तिनं पेला मला दिला, कारण मी बाजूला होते, आणि मी तो जिथं असतो तिथं पालथा ठेवला. सवयीनं.

शेवया शिजल्या. ललिताताईनं वाट्या नेल्या. दिवाणखान्याच्या दारावर पडदा होता आणि पडद्याला फट होती. आत्या त्या फटीशी जाऊन उभी राहिली. आत इंजिनियर मुलगा खात होता, त्याचे वडील खात होते, आणि दुलीचंदजी, ज्यांनी माझा कप वरून सोडला होता, ते मिशांतून रस्सा गाळत, सुर्र आवाज करत, वाटी तोंडाला लावून खात होते. आत्या पाहत राहिली. काकू तिच्या मागं उभी होती, तिला हाकलायला आली होती, पण तीही तशीच उभी राहिली. दोघी एकाच फटीतून पाहत होत्या.

आम्ही घरी निघालो. बुद्धविहाराजवळ आल्यावर आत्या म्हणाली, “तू बरोबर करून नाही दाखवत.”

“काय?”

“तुह्यापेक्षा लई जास्त आवाज करतेत.”

आणि रस्त्यात उभी राहून हसली, पदर न घेता.

सोमवारी सकाळी मात्र तिनं कणीक भिजवली नाही. पाट भिंतीला टेकवून त्याच्यासमोर बसून राहिली. आम्हाला वाटलं, संपलं. शाळेत कमलानं बातमी दिली: ताईचं ठरलं. आणि आईनं रात्रीच माठ मागच्या अंगणात फोडला. माझा पेला निखाऱ्यात घालून लाल केला, थंड झाल्यावर चिंचेनं घासला आणि पुन्हा खिडकीत ठेवला. “आन् डबा?” मी विचारलं. कमलाला माहीत नव्हतं.

मी मधल्या सुट्टीत घरी पळाले. आत्या तशीच बसलेली. आणि दारात, बसस्टँडवर शेवया नव्हत्या म्हणून इकडं आलेला विमलाकाकूचा गडी उभा, हातात डबा. नेहमीचा नाही. मोठा, तीन खणांचा.

“बाईनं सांगतलं, रस्सा अलग द्या,” तो म्हणाला. “काल पाहुन्यांनी सगळं संपवलं, बाईच्या वाट्याले आलंच नाही.”

आत्यानं डब्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग उठली, कणीक भिजवली, पाट डोक्यावर घेतला, कणकेचं घमेलं माझ्या हातात दिलं आणि निघाली. वस्तीतून, विहारावरून, बसस्टँडकडं. पेमाच्या पातेल्याच्या बाजूला, सगळ्या गावाच्या डोळ्यांपुढं, तिनं पाट पालथा घातला आणि हाताला तेल लावलं. पेमानं शेगडी जरा सरकवली, आणि थोड्या वेळात त्या दिवशीच्या पहिल्या शेवया शिजून वाट्यांत पडल्या.

बाबूलालजी बाकड्यावर बसले होते. त्यांची वाटी अर्धी झाली होती, गूळ विरघळला होता. त्यांनी आत्याकडं निरखून पाहिलं.

“ही तं खेमराजची…”

“पेमाबाईची बहीन हाये ती!”

आम्ही सगळे वळलो. रिक्षातून विमलाकाकू उतरत होती, स्वतः, डोक्यावरून शाल घेऊन. लग्नाच्या जेवणात चिनी शेवया पाहिजेत असा नागपूरवाल्यांचा निरोप होता आणि तेवढा मोठा हुकूम गड्याच्या तोंडी पाठवणं बरं दिसलं नसतं. “माह्या घरी येऊन गेली ती. माह्या ललिताले शिकवलं तिनं. कोनी काही बोलायचं काम नाही.”

बाबूलालजींनी काकूकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं, वाटीत उरलेल्या शेवयांकडं पाहिलं.

“हौ हौ,” ते म्हणाले. “चेहरा मिळते न.” आणि खायला लागले.

माझ्या बाबांची बहीण म्हणून जिच्या हाताचं पाणी गावाला चाललं नसतं, ती पेमाची बहीण म्हणून बसस्टँडवर बसली होती, आणि तिच्यावर पहारा द्यायला विमलाकाकू उभी होती. मला हे सगळ्यांना समजावून सांगायचं होतं. बाकड्यावर चढून. मी चढायला पाय उचललासुद्धा, तेवढ्यात आत्यानं पेमाला खूण केली आणि पेमानं माझ्या हातात भरलेली वाटी दिली.

“खा,” आत्या म्हणाली. “तोंड भरलेलं राह्यलं का तू बरी राह्यते.”

मग ती काकूकडं वळली. “आन् तुमी बाई, डबा नका नेऊ. डब्यात चिकटतेत. इथं बसून गरम खाऊन पाहा एक बार.”

काकूनं रस्त्याकडं दोन्ही बाजूंना पाहिलं. शाल पुढं ओढली. आणि बसली, माझ्याच बाकड्यावर, आमच्या मधे बरोबर वीतभर जागा सोडून. ती वीत मी ओळखली.

पेमा पैसे घेण्यात गुंतली होती म्हणून वाटी आत्यानंच भरली. काठोकाठ, वाफ येणारी. तिनं ती पुढं केली. काकूनं सवयीनं ओंजळ खाली धरली आणि थांबली. इतकी गरम वाटी वरून सोडता येत नाही. धरणाऱ्याला धरावीच लागते, आणि देणाऱ्याला समोरचीची बोटं नीट बसेपर्यंत सोडता येत नाही.

आत्यानं काकूची बोटं नीट बसेपर्यंत वाटी सोडली नाही. मग परत पाटाकडं गेली, कणीक हातात घेतली, पण ओढली नाही. ती काकूकडं बघत बसली.

काकूनं पहिली शेवई ओढली. चांगलाच आवाज झाला.